झुमका नेमका कुठे पडला?

आवाज मागपर्यंत येतोय ना? आज बाजाराचा दिवस आहे, बाहेर भोंगा चालू आहे. मधूनमधून कांद्याचा भाव आमच्या बोलण्यात मिसळेल, तेवढा तुम्ही बाजूला काढा.

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने चिठ्ठी दिली होती. त्यात लिहिलं होतं, "सर, प्रमाणशास्त्र पुष्कळ झालं, आता एखाद्या साध्या गाण्यावर बोला." आम्ही म्हटलं, बोलू. म्हणून आज 'झुमका गिरा रे'. गाणं साधं निघालं नाही आणि प्रमाणशास्त्रही सुटलं नाही, त्याला आमचा इलाज नाही.

आधी माहिती सांगून टाकतो, म्हणजे मग मोकळेपणाने बोलता येईल. चित्रपट 'मेरा साया', साल १९६६, दिग्दर्शक राज खोसला. गीत राजा मेहदी अली खान यांचं. ते त्याच वर्षी वारले. संगीत मदन मोहन, आवाज आशा भोसले, पडद्यावर साधना. आपल्या मंडळींना आवडेल अशी गोष्ट म्हणजे या चित्रपटाचं मूळ मराठी आहे. राजा परांजपे यांचा १९६४ चा 'पाठलाग', भावना आणि काशीनाथ घाणेकर. आणि त्याच्याही मागे जयंत देवकुळे यांची 'आशा परत येते' ही कादंबरी. वकिलाची बायको मरते, तो तिचे अंत्यसंस्कार करतो, आणि मग पोलिसांनी पकडलेली एक दरोडेखोर बाई कोर्टात उभी राहून म्हणते की मीच याची बायको. वकील तिची उलटतपासणी घेतो. ती घरातल्या, अगदी दोघांनाच ठाऊक अशा गोष्टी सांगत जाते. त्या बाईचा शब्द खरा धरायचा की नाही, एवढ्यावरच सगळा चित्रपट उभा आहे. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागेल.

आता गाणं. तुम्हा सगळ्यांना ते पाठ आहे. बरेलीच्या बाजारात झुमका पडला, हे आपण सगळेच जण गुणगुणत आलो. आता आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. त्या गाण्यात बाजार कुठे आहे?

(श्रोत्यांमधून: "बरेलीत!")

बरेलीत आहे, हो. पण गाण्यात कुठे आहे? कडवी एकेक आठवा. पहिल्या कडव्यात प्रियकर चोरून येतो तो घरात. झुमका मी घालतो म्हणतो, ती नको नको म्हणते, मनगट धरलेलं सुटत नाही. दुसऱ्या कडव्यात ती घराच्या गच्चीवर, तो खाली गल्लीत. खाली ये म्हणतो, नाहीतर खूण म्हणून अंगठी दे. तिसऱ्यात दोघं बागेत, तो तिच्या केसांची गुंतलेली बट सोडवतो. घर, गच्ची, बाग. एकही दुकान नाही, तराजू नाही, गिऱ्हाईक नाही, भाव नाही. हिंदी चित्रपटसृष्टीतलं बाजाराचं सर्वांत गाजलेलं गाणं, आणि त्यात बाजार नावालासुद्धा नाही. म्हणजे नावालाच आहे, असं म्हणू.

मीमांसकांनी अर्थापत्ती नावाचं एक प्रमाण मानलं आहे. त्यांचं नेहमीचं उदाहरण असं: देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि तो दिवसा जेवत नाही, हेही पक्कं ठाऊक आहे. मग तो रात्री जेवत असला पाहिजे. रात्री जेवताना त्याला कोणी पाहिलेलं नाही, तरी तसं मानल्याशिवाय जमतच नाही. या गाण्याचा श्रोता नेमकं हेच करतो. कान मोकळा आहे, हे दिसतं. बाजारात पडला, हे ती सांगते. आणि कडव्यांमध्ये बाजाराचा पत्ता नाही. मग झुमका कुठे पडला, ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. कवीने ते सांगितलेलं नाही, आणि तरी पाच वर्षांच्या पोरापासून सगळ्यांना ते कळतं. बरं, पाच वर्षांच्या पोराला नसेल कळत. (हशा)

तर बाजार हे पडण्याचं ठिकाण नाही. घरी गेल्यावर सांगायचं ठिकाण आहे. आई विचारणार, कानातलं कुठे गेलं? बाजारात पडलं. बाजारात गर्दी असते, धक्काबुक्की होते, वस्तू पडते, शोधून सापडत नाही, कोणाला दोष देता येत नाही. आणि बाजाराला जाणं हे बाईला घराबाहेर पडायचं एक मान्य कारण होतं. देऊळ, पाणवठा, माहेर आणि बाजार. एवढ्या चार दारांतून आमच्या कवितेतल्या बायका शतकानुशतकं बाहेर पडत आल्या.

यात आणखी एक गंमत आहे, ती आमच्या उशिरा लक्षात आली. प्रत्येक कडव्यानंतर झुमका पडण्याचं कारण बदलतं. एकदा दोघांच्या तंट्यात पडला, एकदा दोघांच्या प्रेमात पडला, आणि शेवटी ती म्हणते की उगाच काय बोलू. घटना एक, साक्षी तीन. कोर्टात एखाद्या साक्षीदाराने असं केलं तर वकील त्याला सोलून काढील. आणि हा चित्रपट कोर्टाचाच आहे! ज्या बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही यावर कथा चालली आहे, तिच्याच चेहऱ्याची बाई भर गर्दीत नाचत आपली साक्ष तीनदा बदलते. आजूबाजूचे लोक मिटक्या मारत विचारतात, मग काय झालं? राज खोसलांनी हे जाणून केलं की नुसतं जमून गेलं, याची आम्हाला फिकीर नाही. गाणं कथेत बसलं आहे, कोंबलेलं नाही, एवढं खरं.

आता आवाजाबद्दल. 'मेरा साया'मध्ये घरातल्या पत्नीची गाणी लताबाई गातात. शीर्षकगीत त्यांचं, 'नैनों में बदरा छाए' त्यांचं. चौकातल्या नाचणारीचं गाणं आशाबाईंना. नटी एक, चेहरा एक, पण घरासाठी एक गळा आणि रस्त्यासाठी दुसरा. हा त्या काळचा शिरस्ताच होता, त्यात या एका चित्रपटाचा दोष नाही. पण इथे तो उघडा पडतो. कारण कथेचा प्रश्नच हा आहे की या दोन बायका एक की दोन. न्यायाधीश निकाल देण्याआधी संगीतकाराने निकाल देऊन टाकला आहे! ऐकणाऱ्याला आवाजावरून कळतं की ही 'ती' नव्हे. कुलीन बाई अशा आवाजात गात नाही, हे आपण मनाशी धरूनच थेटरात बसलेले असतो. आम्हीही बसलो होतो.

आशाबाई मात्र त्या गाण्यात काय करतात ते पाहा. मदन मोहन म्हणजे गझलेचा माणूस, अशी त्यांची ओळख. इथे ते ढोलकीच्या अंगाने जाणारं लोकवळणाचं गाणं बांधतात आणि बाईंना बोलायला मोकळी जागा ठेवतात. गाता गाता त्या मध्येच बोलतात, श्वास सोडतात, लाजतात, आणि लाजताना हसतात. खोटं बोलणाऱ्या माणसाचा आवाज किंचित जास्त स्पष्ट असतो, हे तुम्ही पाहिलं असेल. 'बाजार' हा शब्द त्या तसा म्हणतात. फार स्पष्ट. पुन्हा ऐकून बघा.

आता इकडे मराठीकडे येऊ. याच्या सात वर्षं आधी, १९५९ साली, याच आशाबाईंनी आपल्याकडे असंच एक कानातलं हरवलं होतं. 'बुगडी माझी सांडली गं'. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका', गीत गदिमांचं, संगीत वसंत पवार, पडद्यावर जयश्री गडकर. पुण्याच्या विजयानंदला हा चित्रपट १३१ आठवडे चालला. दोन्ही गाण्यांत कानातला दागिना जातो, दोन्हींत घरच्यांना काय सांगायचं हा पेच आहे, दोन्हींत गाव नावानिशी येतं. आम्ही इथे कोणी कोणाचं उचललं हा वाद काढत नाही. बरेलीच्या झुमक्याचा मुखडा १९६६ च्या आधीपासून होता. १९४७ च्या 'देखो जी'त तो शमशाद बेगमच्या आवाजात आहे. असले मुखडे कोणा एकाचे नसतातच.

पण फरक पाहा. झुमका बाजारात पडतो, बुगडी साताऱ्याला *जाता* सांडते. म्हणजे वाटेत. पोचण्याआधी. आणि दुसरं, हिंदीतली बाई सरळ बाजारावर ढकलते. मराठीतली बाई मैत्रिणींना विनवते की म्हाताऱ्याला चुगली सांगू नका. आमच्याकडच्या बऱ्याच जणांना तो म्हातारा म्हणजे जरठ नवरा वाटतो. तसं नाही. पुढे कडव्यात बाबा घरी नव्हते असं आहे. म्हातारा म्हणजे बाप. शेजारचा तरुण खिल्लारी जोडी जुंपून गाडी आणतो आणि ही पोरगी चढून बसते. बरेलीतलीचं मनगट धरलं जातं. ही आपण होऊन गाडीत बसते. आम्हाला विचाराल तर धीट ही जास्त आहे.

आणि शब्द पाहा हो, 'सांडली'. हरवली नाही, पडली नाही. हरवली म्हटलं की मालकाचा निष्काळजीपणा आला. पडली म्हटलं की नुसता गुरुत्वाकर्षणाचा नियम. सांडणे हे दूध-पाण्याचं क्रियापद, भांडं काठोकाठ भरलेलं असलं की होणारं. आणि जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीच्या मराठीत, सांडणे म्हणजे टाकणे, सोडून देणे. अहंकार सांडावा म्हणतात तसं. गदिमांच्या कानात ज्ञानेश्वरी नव्हती असं कोण म्हणेल? बुगडी सांडली की तिने सांडली, हा संशय त्या एका क्रियापदाने कायमचा ठेवून दिला. हिंदीतल्या 'गिरा'मध्ये ही सोय नाही. तिथे कवीला तीन कडव्यांत तीन कारणं द्यावी लागली, इकडे एका शब्दात भागलं. हा मराठीचा अभिमान नव्हे. बरं, थोडा आहे.

तो 'गं'ही ऐका. बाईने बाईला मारलेली हाक. हे सगळं बायकांचं आपसातलं बोलणं, पाणवठ्यावरचं. पण ते म्हटलं जातं तमाशाच्या बोर्डावर, फेटेवाल्या पुरुषांसमोर. म्हणजे बायकांची खाजगी कुजबूज पुरुषांना तिकीट काढून ऐकवायची. 'मेरा साया'तही तेच, भोवती कडं करून लोक उभे. खरा बाजार शोधायचाच असेल तर तो तिथे आहे. बाईला आपली चोरी, आपली लाज, आपला कबुलीजबाब विकायला लावणारा. आणि त्याचं गिऱ्हाईक आपण.

याचं मूळ आपल्या गवळणीत आहे. तमाशा पाहिलेली माणसं इथे पुष्कळ दिसतात. गवळणी डोक्यावर दुधा-दह्याचे माठ घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, बरोबर मावशी. वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे येतात. मग दान मागणं, थट्टा, भांडण. तुम्ही मथुरेचा बाजार कधी रंगमंचावर पाहिलात? आम्ही नाही पाहिला. गवळण संपते, वग सुरू होतो, माठ विकले गेले की नाही हे कोणी विचारत नाही. एकनाथ महाराजांपासून आम्ही त्या बायकांना बाजाराला पाठवतो आहोत आणि पोचू देत नाही. दूध विकून त्यांना किती मिळायचं होतं, घरी काय न्यायचं होतं? आमच्या भक्तीला आणि आमच्या शृंगाराला, दोघांनाही तो हिशेब नको होता.

इथवर हे साहित्याचं झालं. आता थोडं आमच्याबद्दल सांगणं भाग आहे.

आम्ही या जिल्ह्यात आयुष्य काढलं. जिल्हा १९९८ मध्ये झाला, आम्ही आलो तेव्हा हा सगळा धुळ्याचाच भाग होता. वर्गात सौंदर्यशास्त्र शिकवताना एकदा आम्ही भोंगऱ्या बाजाराचं उदाहरण दिलं. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात जे बाजार भरतात, धडगावला, मोलगीला, ते. आम्ही मोठ्या रसाळपणे सांगितलं की तिथे तरुण-तरुणी एकमेकांना निवडतात, गुलाल लावतात, विडा देतात आणि पळून जातात. म्हणजे बघा, बाजार आणि प्रेम यांचं नातं किती जुनं आहे! वर्ग खूश. तास संपल्यावर एक मुलगा थांबला. धडगावकडचा होता, वर्षभर फारसा बोललेला नव्हता. तो म्हणाला, "सर, तुम्ही भोंगऱ्याला कधी गेलात?" आम्ही गेलो नव्हतो. तो म्हणाला, "माझी आई जाते. गूळ, डाळ्या आणि कपडे आणायला. होळीचा बाजार असतो तो." आणि निघून गेला. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

आम्ही हे कुठून उचललं होतं? कुठल्यातरी वर्तमानपत्रातून, कुठल्यातरी पुस्तकातून, आणि बरंचसं या गाण्यांतून. बाजार म्हणजे मनगट धरण्याची जागा, हे आमच्या डोक्यात झुमक्याने आणि गवळणीने घातलं होतं. ते आम्ही उचललं आणि दुसऱ्यांच्या आयांवर, बहिणींवर नेऊन टाकलं. नाचणारी नटी खोटं सांगते तेव्हा ते तिचं स्वातंत्र्य असतं. आम्ही सांगितलं तेव्हा ती नुसती चुकीची माहिती होती, आणि तिच्यापायी सणाला निघालेल्या मुलींकडे कॅमेरे घेऊन लोक येतात, काय बघायला येतात ते तुम्हाला माहीत आहे. भोंगऱ्याला असं लग्नाचा बाजार म्हणू नका, हे आदिवासी संघटना वर्षानुवर्षं सांगत आहेत. अलीराजपूर, झाबुआकडे त्यालाच भगोरिया म्हणतात. तिथेही हेच सांगणं आहे. त्या मुलाचं म्हणणं वर्गात सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. आम्ही ते सांगितलं नाही. पुढच्या तासाला दुसरा विषय घेतला. आज सांगतो आहोत, तो मुलगा कुठे आहे ते माहीत नसताना.

नंतर गेलो, पुष्कळ उशिरा. ढोल होते, पावरी होती, एकसारख्या रंगाचे कपडे घालून आलेल्या मुलींचे घोळके होते. हे नाकारायचं कारण नाही, सण आहे, आनंद आहे. आणि तरुण पोरं एकमेकांकडे बघत नव्हती असंही आम्ही म्हणणार नाही. ती इथल्या बस स्टँडवरही बघतात. पण डोळ्यांत भरलं ते वेगळंच. आमचूर विकायला आलेली एक बाई. व्यापाऱ्याने तोलून आकडा सांगितला. तिने पोतं उतरवायला लावलं आणि पुन्हा तोलायला लावलं. तो कुरकुरला. ती काही बोलली नाही, हात पोत्यावर ठेवून उभी राहिली. दुसऱ्यांदा तोलल्यावर आकडा वाढला. मग ती गुळाकडे गेली.

ही बाई कुठल्या गाण्यात आहे? बरेलीत नाही, साताऱ्यात नाही, मथुरेला तर ती पोचलीच नाही. आमच्या गाण्यांत बाजारातली बाई एकतर वाटेवर असते किंवा काहीतरी हरवत असते. विकणारी नाही, तोलून घेणारी नाही. इथे नंदुरबारात मिरचीच्या हंगामात पथाऱ्यांवर जाऊन बघा. एकराएकरांवर लाल मिरची वाळत पसरलेली, आणि तोंडाला पदर बांधून देठ खुडणाऱ्या बायका. चित्रपटवाल्याला ते दिसलं तर तो लाल रंग टिपेल आणि मधोमध नाचणारी उभी करील. ठसका लागलेला दाखवणार नाही.

आणि दागिन्याचं म्हणाल तर आपल्या भागात चांदी म्हणजे शृंगार नंतर, आधी शिल्लक. पावसाळ्यात धान्य संपलं की तीच सावकाराकडे जायची. वाळा गहाण पडला की तो 'सांडला' असं कोणी म्हणत नव्हतं. म्हणून झुमक्याची चैन आम्हाला थोडी शहरी वाटते. हरवलं तर हरवलं, दुसरं घेऊ, असं ज्याला म्हणता येतं त्याचं ते गाणं. हा गाण्यावर ठपका नाही. गाण्याने सगळ्यांच्या वतीने बोललं पाहिजे असं कुठे आहे? ठपका आमच्यासारख्या टीकाकारांवर, ज्यांनी ते सगळ्यांना लागू केलं.

बरेलीचं काय झालं ते ऐका. ते गाव खरं तर सुरम्यासाठी, जरीच्या कामासाठी, वेताच्या सामानासाठी ओळखलं जायचं. पण जाईल तो झुमका विचारी. शेवटी २०२० साली तिथल्या लोकांनी परसाखेड्याच्या तिठ्यावर, महामार्गाला, भला मोठा झुमका उभा केला. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. २०२३ मध्ये करण जोहरच्या 'रॉकी और रानी की प्रेम कहानी'त गाणं पुन्हा आलं, या वेळी झुमका कुठला असंच विचारत. जे तिथे कधी पडलंच नव्हतं त्याचं स्मारक झालं. आम्हाला यात हसू येतं, पण राग येत नाही. बरेलीच्या लोकांनी ते आपण होऊन स्वीकारलं, मजेने स्वीकारलं. धडगावच्या लोकांनी आमचं वर्णन स्वीकारलेलं नाही. दोन्हींत फरक करायला हवा.

काही प्रश्न? बोला.

(एका श्रोत्याने विचारले: "सर, मी सराफीच्या दुकानात काम केलंय. फिरकीचा झुमका असा पडत नाही. आकड्याचा पडतो. आणि बुगडी तर वरच्या पाळीला घट्ट बसते, ती सहसा पडतच नाही. त्या बाईचा झुमका फिरकीचा होता की आकड्याचा?")

अरे वा. हे आम्हाला साठ वर्षांत सुचलं नाही. फिरकीचा असेल तर कोणीतरी काढल्याशिवाय निघणार नाही, असंच ना? (श्रोता: "हो.") ते गाण्यात सांगितलेलं नाही. पडद्यावर नीट बघायला हवं. तुम्ही बघा आणि पुढच्या वेळी सांगा. बुगडीचं मात्र तुम्ही म्हणता तसं असेल, तर आमचं 'सांडली'बद्दलचं म्हणणं आणखी पक्कं होतं.